देवस्थळी सरांचा हार्मोन

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर साठत जातात ना, तसे ते साठतात. टाकायला जीव होत नाही आणि ठेवायला जागा नसते. आमच्या लॅबचं तसंच झालंय. आम्ही जुने लॅबवाले कोणाच्या तरी लग्नात नाहीतर बारशाला भेटतो, बाकीची मंडळी जेवून विडा खाऊन घरी पोचतात, तरी आमचं टेबल काही उठत नाही. माझी बायको आता आधीच विचारून घेते. "आज देवस्थळी सर होणार आहेत का? मग मी रिक्षा करून पुढे जाते."

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगून टाकतो. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या जरा पुढे, केमिकलच्या वासात एक फार्मसी कॉलेज आहे. नाव सांगत नाही, मला रोज त्याच रस्त्याने कामावर जायचं असतं. तिथे मी पीएच.डी. करायला गेलेलो. मी कल्याणजवळच्या मोहन्याचा, मंगेश, लॅबमध्ये मंग्या. माझं काम लिव्हरवर, त्यामुळे मला कोणी विचारत नव्हतं. शेजारच्या टेबलावर सुजाता म्हात्रे. तिचं काम मेंदूवर, त्यामुळे तिला सगळेच विचारत होते. आणि आम्हा दोघांचे गाइड डॉक्टर देवस्थळी, ज्यांचं सगळं काम आम्हा दोघांवर.

सुजाताचा विषय समजायला सोपा आहे, सरांनी समजावला नाही तर. आपली किडनी एक हार्मोन बनवते. नाव लांबलचक, एरिथ्रोपोएटिन, पण सगळे ईपीओ म्हणतात. तो हाडांच्या आतल्या मगजाला निरोप देतो की बाबा रे, रक्तातल्या लाल पेशी कमी पडतायत, बनव. डायलिसिसच्या पेशंटना ह्याचीच इंजेक्शनं देतात. पुढे लोकांच्या लक्षात आलं की मेंदूतसुद्धा थोडा ईपीओ तयार होतो आणि तिथल्या पेशी त्याचं ऐकतात. मेंदूला रक्त कमी पडलं की काही पेशी तिथल्या तिथे मरतात. काही मात्र लगेच मरत नाहीत, दोनचार दिवस विचार करतात आणि मग आपणहून आवरतं घेतात. ईपीओ ह्या दुसऱ्या पेशींना सांगतो, थांब, एवढ्यात नको. बऱ्याच ठिकाणी उंदरांवर हे दिसलेलं आहे. सुजाताला बघायचं होतं, आमच्याकडे दिसतं का.

दिसलं तर दिसलं, नाही दिसलं तर तसं लिहायचं, हे तिचं म्हणणं. दिसायलाच पाहिजे, हे सरांचं. आणि सरांची सही झाल्याशिवाय थीसिस जागचा हलणार नव्हता. तिच्या वडिलांनी गावभर सांगून ठेवलेलं की पोरगी डॉक्टर होतेय, औषध देणारी नाही, औषध शोधणारी. भावकीत सगळ्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले होते, पण डॉक्टर कोणाकडे नव्हता. तेव्हा त्या एका सहीवर किती जण टेकून बसलेले ते लक्षात घ्या.

*

आमच्या कॉलेजचे चेअरमन म्हणजे बिल्डर. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. एकदा शेठ लॅब बघायला आले. सरांनी कोट इस्त्री करून आणलेला. सरांनी त्यांना उभ्या उभ्या अख्खा हार्मोन समजावला, आणि सरांनी समजावलं की माणसाला आधी जे थोडंफार कळलेलं असतं तेही जातं. शेठ मान हलवत राहिले आणि शेवटी कामाचं बोलले. त्यांचा मुलगा बारावीला पुन्हा बसत होता. हे इंजेक्शन त्याला दिलं तर डोकं चालेल का?

सर म्हणाले, "तत्त्वतः..." आणि थांबले. तत्त्वतः हा सरांचा लाडका शब्द. त्याच्यापुढे हो लावता येतं आणि नाही पण लावता येतं, समोरचा माणूस किती मोठा आहे ते बघून.

सुजाताला राहवलं नाही. ती म्हणाली, "शेठ, ह्याने असलेल्या पेशी मरत नाहीत. नसलेल्या येत नाहीत."

शेठ खो खो हसले. त्यांना ते फार आवडलं, बाहेर जाताना ड्रायव्हरला पण सांगितलं. सर हसले नाहीत. शेठची गाडी गेटबाहेर पडल्यावर सरांनी तिला केबिनमध्ये घेतलं आणि बजावलं की ह्यापुढे संस्थेच्या लोकांसमोर शास्त्र बोलायचं नाही. मुलगा पुढच्या वर्षी आमच्याच कॉलेजात फार्मसीला लागला. कसा लागला ते विचारू नका.

*

ईपीओ हे नाजूक प्रकरण. सतत फ्रीजमध्ये लागतं, गरम झालं की गेलं. आणि आमच्याकडे शुक्रवारी मेंटेनन्सच्या नावाने लाइट जायची. कॉलेजात जनरेटर होता, नाही असं नाही. पण तो शेठच्या ऑफिसातल्या एसीला जोडलेला, आणि शेठ महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस त्यांची खुर्ची थंड राहायची.

सरांकडे तक्रार केली तर सर म्हणाले, तू काहीतरी बघ. "तू काहीतरी बघ" हे सरांचं मार्गदर्शन. तेवढ्यावर आमच्यातले चार जण डॉक्टर झालेत.

सुजाताने बघितलं. कॉलेजच्या मागच्या नाक्यावर तिची एक आत्या मासळी घेऊन बसायची. तिच्याकडे थर्माकोलचा डबा आणि बर्फाला तोटा नाही. तेव्हा दर शुक्रवारी सकाळी ईपीओच्या कुप्या पिशवीत बांधून आत्याकडे जायच्या आणि लाइट आली की परत यायच्या. आत्या त्यांची इतकी काळजी घ्यायची की विचारता सोय नाही. गिऱ्हाईकाने त्या डब्याला हात लावला तर म्हणायची, तो माल विकायचा नाही, तो आमच्या पोरीचा डोक्याचा माल आहे.

एका शुक्रवारी सरांना नेमकी एक कुपी हवी होती, कोणाला तरी दाखवायला. कुपी आली. सर पक्के शाकाहारी, घरात अंडं चालत नाही. त्यांनी कुपी हातात घेतली, नाकाशी नेली आणि चेहरा असा केला की आम्ही खिडकीकडे बघत उभे राहिलो. सुजाताने खरं ते सांगितलं. सरांनी कुपी अंगापासून लांब धरून टेबलावर ठेवली. आम्हाला वाटलं आता जनरेटरची वायर आमच्या फ्रीजपर्यंत येणार.

सर म्हणाले, "हरकत नाही. पण थीसिसमध्ये सुरमई येता कामा नये."

*

आता इडलीचं सांगतो. हा किस्सा मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं मंग्या पदरचं घालतोय. देवाशपथ नाही.

उंदरांच्या आधी सुजाताने बशीत मेंदूच्या पेशी वाढवून बघितल्या. त्यासाठी एक उबदार कपाट असतं, इन्क्युबेटर. शरीरात असते तेवढीच ऊब सारखी ठेवतं. पेशींना ती ऊब लागते. आणि हिवाळ्यात इडलीच्या पिठाला पण लागते. डोंबिवलीत थंडी पडते ती पाच दिवस, पण त्या पाच दिवसांत सरांच्या घरी पीठ फुगेना. मॅडमनी सांगितलं असणार, तुमच्याकडे ते कपाट आहे ना. सरांनी डबा आणून खालच्या कप्प्यात ठेवला, आणि पीठ फुगतंय म्हटल्यावर पुढेही ठेवत गेले. वरच्या कप्प्यात सुजाताचे न्यूरॉन.

पुढच्या आठवड्यात सर मायक्रोस्कोपवर बसले आणि ओरडलेच. न्यूरॉनना फांद्या फुटल्यात! एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी, सगळी बशी भरून. ईपीओने पेशी नुसत्या जगल्या नाहीत, तरारून वाढल्या. सरांनी फोटो काढले, प्रिन्सिपॉलना बोलावून दाखवले, फोनवर तोच फोटो लावला. सुजाता पुण्याला कोर्सला गेलेली. ती आली, तिने बघितलं, आणि मग ज्या बशीत ईपीओ घातलंच नव्हतं ती बघितली. तिथे फांद्या जास्त होत्या.

ती बुरशी होती. तिने खालचा कप्पा उघडला तर डब्याचं झाकण वर आलेलं आणि पीठ बाहेर. सगळ्या बश्या फेकाव्या लागल्या, दोन महिन्यांचं काम गेलं. ती संडासात जाऊन रडून आली, आम्ही दिसलं नाही असं केलं. सरांनी तिला बोलावून समजूत घातली की संशोधनात असं व्हायचंच, मन खंबीर ठेवावं. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरून इडली आणून दिली. खोटं कशाला बोलू, इडली फार हलकी झालेली.

*

उंदरांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या थोडा वेळ चिमट्याने बंद करायच्या, मेंदूचं रक्त थांबवायचं, मग सोडायच्या. भूल देऊन, परवानगी घेऊन, सगळं नियमाने. मग अर्ध्या उंदरांना ईपीओ आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं. काही दिवसांनी त्यांना पाण्याच्या टबात सोडायचं. पाण्याखाली एक छोटा चौथरा लपवलेला असतो, आणि कुठे आहे ते उंदराने आठवायचं. ज्याच्या पेशी वाचल्या त्याला आठवणार.

टबाला पैसे मंजूर झाले नाहीत तेव्हा सुजाताने कल्याणच्या बाजारातून लहान मुलांचा फुगवायचा टब आणला, बदकांची चित्रं असलेला. पाणी पांढरं करायला दुधाची पावडर. उंदीर चौथरा शोधतो तो भिंतीवरच्या खुणा बघून. आता भिंतीवर काय लावायचं? सर म्हणाले माझे लावा. सरांना कुठल्या कुठल्या सत्कारात मिळालेले फोटो केबिनमध्ये पडून होते. शाल घेताना, नारळ घेताना, माइकसमोर. ते भिंतीवर लागले. उंदीर पाण्यात पडले की मान वर करून सरांचा शालवाला फोटो बघायचे आणि त्याच्या रोखाने पोहायचे.

मग कॉलेजची तपासणी आली. सरांनी सगळे फोटो उचलून केबिनमध्ये लावले आणि तपासणी झाल्यावर परत लावताना शालवाला नेमका दुसऱ्या भिंतीला गेला. दुसऱ्या दिवशी उंदीर भलतीकडेच. ईपीओवाले, मिठाच्या पाण्याचे, सगळे गोल गोल. सरांनी लगेच निष्कर्ष काढला की स्मृती जातेय, मिठाच्या पाण्याचे जास्त चुकतायत, छान निकाल आहे, लिहून घे. सुजाता भिंतीकडे बघत राहिली, मग स्टूलवर चढली आणि फोटो जागच्या जागी लावला. उंदीर सरळ गेले. तिने तो आख्खा दिवस रद्द केला.

मला त्या उंदरांचं मात्र कौतुक वाटायचं. आमच्या सगळ्या डिपार्टमेंटमध्ये सरांच्या फोटोकडे मन लावून बघणारे तेवढेच जीव होते.

*

सुजाताचे वडील एकदा तिचा डबा द्यायला आले. म्हात्रे काका. त्यांच्या वडिलांपर्यंत सगळे मिठागरात, काका स्वतःही लहानपणी तिथे राबलेले. आता पायात पांढरे बूट आणि गळ्यात चेन, पण स्टूल दिलं तरी जमिनीवर उकिडवे बसणार. त्यांना टब बघायचा होता. सुजाताने एक उंदीर सोडला. तो मान वर करून सरळ चौथऱ्यावर जाऊन बसला आणि मिशा पुसायला लागला. काका खूश.

"बाय, यो त लय हुशार हाय. याला काय टोचलाव?"

सुजाता म्हणाली, "काय नाय बाबा. मिठाचं पाणी."

काका जरा थांबले. "मंग आमचे मिठागरान त सगलीच हुशार व्हायाला पायजे व्हती."

आम्ही हसून हसून लोळलो. सर तेवढ्यात दारात आलेले. त्यांनी उंदीर बघितला, चौथरा बघितला आणि सुजाताला बाजूला घेऊन म्हणाले की हा उंदीर अपवाद दिसतोय, ह्याला यादीतून काढून टाक. ती म्हणाली, सर, कालचा पण असाच होता. सर म्हणाले, मग दोन्ही काढ.

तिने दोन्ही ठेवले. त्या दिवसापासून सर तिला "सुजाता" म्हणायचे बंद झाले आणि "म्हात्रे" म्हणायला लागले.

*

ह्याच्यानंतरचा किस्सा मी टेबलावर सांगत नाही, पण तो गाळला तर पुढचं कळणार नाही.

निकाल हातात यायच्या आधीच सरांनी ठाण्यात एका सभेत भाषण ठोकलं. रक्ताचा हार्मोन मेंदू वाचवणार, डोंबिवलीत संशोधन पूर्णत्वाकडे. एका छोट्या पेपरात ते फोटोसकट आलं, शालवाला फोटो. सरांनी कात्रण लॅमिनेट करून आणलं.

आठ दिवसांनी एक आजोबा आले. विठ्ठलवाडीहून, दोन रिक्षा बदलून. हातात बायकोच्या रिपोर्टची पिशवी. बायकोला अर्धांगवायू झालेला, बोलणं गेलेलं, ह्यांना ओळखत होती पण नाव येत नव्हतं. पेपरातलं ते इंजेक्शन कुठे मिळेल, एवढंच विचारायला आलेले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, कार्ड दिलं, आमचं काम अंतिम टप्प्यात आहे, संपर्कात राहा, तत्त्वतः आशा आहे असं म्हणाले आणि लेक्चरला निघून गेले. लेक्चर नव्हतं. शेजारच्या खोलीत जाऊन बसले.

आजोबा कार्ड नीट खिशात ठेवत होते. सुजाता त्यांच्यासमोर बसली. तिने सावकाश सांगितलं की आजोबा, हे आम्ही उंदरांना देतोय, आणि त्यांना पण उपयोग होतोय की नाही ते अजून कळलेलं नाही. माणसांना कोणी असंच दिलं तर रक्त घट्ट होतं, गुठळी होते, आजींना पुन्हा झटका येईल. मेडिकलवाला देतो म्हणाला तरी घेऊ नका. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, पोरी. पण मग पेपरात का छापलंत?"

सुजाताने शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. शेजारच्या खोलीत खुर्ची करकरली, कोणी बाहेर आलं नाही. मी आजोबांना रिक्षात बसवून आलो. परत आलो तर ती पाणी पीत उभी होती. मला म्हणाली, "मंग्या, जे दिसेल तेच लिहिणार मी. मग थीसिस जाऊ दे उडत."

*

आणि मग मोजायची वेळ आली. उंदरांच्या मेंदूचे पातळ काप काचेवर घ्यायचे, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली जिवंत पेशी किती, मेलेल्या किती, ते एकेक करून मोजायचं. ह्यात एक नियम असतो. मोजणाऱ्याला ईपीओची काच कोणती आणि मिठाच्या पाण्याची कोणती ते कळता कामा नये, कारण डोळ्याला जे हवं असतं ते तो बघतो. तेव्हा मी सगळ्या लेबलांवर पांढरी पट्टी चिकटवली आणि माझ्या मनाने नंबर टाकले. सुजाताने मोजलं. महिनाभर मान वर केली नाही तिने.

मग मी पट्ट्या काढल्या. दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच पेशी. फरक म्हणावा असा काही नाही.

तिने आकडे पुन्हा एकदा ताडून बघितले. मग म्हणाली, मला रडायला येतंय रे, पण आकडे खरे आहेत. तिने लिहिलं पण तसंच. हार्मोनमध्ये दम नाही असं नाही म्हणत, बाकीच्यांना दिसलंय, आमच्या उंदरांत आम्हाला दिसलं नाही, एवढंच. का दिसलं नाही, तर शुक्रवारच्या बर्फाच्या डब्यात औषधच खराब झालं असेल कदाचित, पण तो डबा लिहायला बंदी होती.

सरांनी ते वाचलं आणि म्हणाले तुझी नजर अजून तयार नाही, मी मोजतो. मी काचा त्यांच्यासमोर ठेवल्या, पट्ट्या लावून. सर एक काच लावायचे, बघायचे, काढायचे. दुसरी लावायचे, बघायचे, काढायचे. चिडायला लागले. शेवटी मायक्रोस्कोपवरून मान वर करून मला म्हणाले, "अरे, ह्यातली आपली कोणती ते आधी सांग. म्हणजे मला नीट मोजता येईल."

मी सांगितलं नाही. सरांनी मोजलं नाही. त्या दिवसापासून मी पण आडनावावर गेलो.

मग सरांनी सुजाताला सरळ सांगितलं. कमिटीसमोर सेमिनार आहे, पुण्याहून बाहेरच्या मॅडम येतायत. तिथे हार्मोनने पेशी वाचल्या असं दिसलं तर सही. नाहीतर नवे उंदीर मागव आणि पहिल्यापासून सुरू कर. पहिल्यापासून म्हणजे आणखी काही वर्षं, आणि घरी काका रोज विचारत होते की बाय, तुझा झाला का.

"दोनच फोटो लाव," सर म्हणाले. "डावीकडे ईपीओ, उजवीकडे मिठाचं पाणी. बोलायचं ते मी बोलतो. तू आकड्यांच्या भानगडीत पडू नकोस."

सुजाता म्हणाली, "बरं सर."

मला धक्काच बसला. एवढं सगळं करून शेवटी बरं सर? मी तिच्याशी आठवडाभर बोललो नाही. डबा पण वेगळा खाल्ला.

*

सेमिनारला हॉल भरलेला. पुढच्या रांगेत शेठ, प्रिन्सिपॉल, कमिटी आणि मधोमध पुण्याच्या मॅडम. पांढरे केस, कॉटनची साडी, मांडीवर सुजाताच्या थीसिसचा कच्चा मसुदा, जागोजागी कागदाचे तुकडे खुणेला घातलेले. म्हणजे बाईंनी वाचलेला. आमच्याकडे हे नवीन होतं.

सुजाता बोलली. काय केलं, कसं केलं, मोजताना पट्ट्या कशा लावल्या, आकडे काय आले. सगळं होतं तसं. सरांचा चेहरा पडत चालला. आकडे संपले तसे सर उठलेच. म्हणाले, आकडे विद्यार्थिनीने मोजलेत, सवयीचा अभाव आहे, पण पेशी खोटं बोलत नाहीत. म्हात्रे, ते दोन फोटो लाव.

तिने लावले. पडद्यावर दोन मोठे फोटो, शेजारी शेजारी. खाली काही लिहिलेलं नव्हतं. सर म्हणाले, नावं टाकायला विसरली वाटतं, असू दे, मी सांगतो. खिशातून लेझर काढला. आणि काय सांगू तुम्हाला, सर त्या दिवशी रंगात आले. डावीकडे बघा, हा आपला ईपीओ. पेशी कशा गोल आहेत, भरलेल्या आहेत, आतला गाभा कसा स्वच्छ दिसतोय. आता उजवीकडे या. मिठाचं पाणी. सुकलेल्या, आकसलेल्या, ही बघा ही तर मेलेलीच आहे. ह्याला म्हणतात संरक्षण. इथे आकडे लागत नाहीत, इथे नजर लागते. शेठनी टाळी वाजवली, म्हणून मागच्या सगळ्यांनी वाजवली.

मी खाली मान घालून बसलेलो. मला तिचा राग येत होता आणि तिची दया पण येत होती.

टाळ्या थांबल्यावर मॅडम सुजाताला म्हणाल्या, "तुमचे आकडे आणि सरांचं वर्णन जुळत नाही. हे दोन फोटो कोणकोणत्या उंदरांचे आहेत?"

सुजाता म्हणाली, "उंदीर एकच आहे, मॅडम. फोटो पण एकच आहे. तोच दोनदा लावलाय. मिठाच्या पाण्याचा आहे."

मॅडम उठल्या, पडद्याजवळ गेल्या, चष्मा वर करून डावीकडचा फोटो बघितला, मग उजवीकडचा. एका कोपऱ्यात रंगाचा डाग होता, तो दुसरीकडे त्याच कोपऱ्यात होता. परत येऊन बसल्या. कमिटीकडे वळून म्हणाल्या, हिने मोजलेलं मला मान्य आहे, थीसिस येऊ द्या. मग सहीचा कागद उचलला आणि सरांच्या समोर धरला.

"देवस्थळी, इथे सही करा."

शेठ बघत होते, प्रिन्सिपॉल बघत होते, सगळा हॉल बघत होता. सरांनी सही केली. पेनाचं टोपण लावलं, मान वर करून पडद्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले,

"तरीसुद्धा मॅडम, डावीकडच्या जरा जास्त टवटवीत आहेत."